रात्री वाजणाऱ्या बांगड्या

आमच्या जिवतीला रात्र लवकर पडते. माणिकगडच्या डोंगरावरचे गाव, भोवती जंगल, आणि दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळपासून जी थंडी उतरू लागते ती नऊ वाजता माणसांना घरात कोंडून टाकते. मग गावात आवाज उरतात ते फक्त कुत्र्यांचे, आणि आमच्या बाबतीत बोलावयाचे तर, शेजारच्या भिंतीपलीकडून येणाऱ्या बांगड्यांचे.

या बांगड्या वाजत त्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास. काम करणाऱ्या हातातल्या बांगड्या जशा वाजतात तशा नव्हेत. चूळ भरल्यावर आपण ओल्या हातावरचे पाणी झटकतो ना, तसे झटक्याझटक्याने पाच-सात वेळा वाजत आणि थांबत. पुन्हा तासाभराने तेच. मी शाळामास्तर असलो तरी दोन-चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यामुळे या आवाजावरून माझ्या डोक्यात किमान तीन कथानके तयार झाली होती. पैकी एकही खरे निघाले नाही, हे सांगताना मला थोडे वाईट वाटते.

शेजारच्या घरात राहतात त्या आत्याबाई. कोणाच्या आत्या ते आता कोणालाच आठवत नाही. सगळी आळी त्यांना आत्याबाईच म्हणते. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून जी कुटुंबे बैलगाडीत भांडी घालून या डोंगरावर आली, त्यांतल्या एका कुटुंबातली ही पाच-सहा वर्षांची पोर. तेव्हापासून आजवर कापूस वेचणे, निंदणे, सरपण फोडणे, दळणे, धुणे, शेणाने सारवणे, हेच त्यांचे आयुष्य. मागच्या दिवाळीत त्या नेहमीप्रमाणे आमच्याकडे चकल्या पाडावयास आल्या. सोऱ्याचे दोन घाणे झाले आणि त्यांचा हात थांबला. पिठाचे निमित्त सांगून त्या तळणीपाशी बसल्या. थोड्या वेळाने माझ्या बायकोने एकदम त्यांचे मनगट धरून ओढले. त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट कढईच्या कानाला टेकलेले होते, कातडी पांढरी पडली होती, आणि आत्याबाई शांतपणे दुसरीकडे बघत बोलत होत्या. त्यांना कळलेच नव्हते!

त्या वेळी त्यांच्या तोंडावर जी भीती दिसली ती भाजल्याची नव्हती. "सूनबाई, कुणाला सांगायचं न्हाई बरं का," एवढेच त्या म्हणाल्या. मग हळूहळू सगळे बाहेर आले. चार वर्षे हा प्रकार चालू होता. "रातच्याला हात पार मरून जातोय बघा. मुंग्या येतात, आग पडते. झटकला की जित्ता होतो." भगताने वारे लागल्याचे सांगून दोरा बांधला होता. खालच्या एका दवाखान्यात सलाईन आणि ताकदीची सुई झाली होती. तिथे कोणी हात हातात घेऊन पाहिलासुद्धा नव्हता. पण या सगळ्यांपाशी त्यांनी "दुखतो" एवढेच सांगितले. बोटांना समजत नाही, ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

का नव्हती, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित समजणार नाही. आमच्या भागातल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. हात बधिर होणे, भाजलेले न कळणे, याचा इकडे एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम काढले, अमरावतीला १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, आणि आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून पुढे दोन वर्षांत आनंदवन वसविले. एवढ्या थोड्या टापूत एवढी मोठी माणसे याच एका रोगामागे का लागली, याचा विचार केला म्हणजे हा रोग इथे किती घरांत होता ते कळते. आज त्यावर खात्रीचे औषध आहे. तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली ठरवून दिली. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर हा रोग आटोक्यात आल्याचेही जाहीर झाले. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून नवे रोगी निघावयाचे थांबलेले नाहीत, आणि औषध जितक्या लवकर गावात येते तितक्या लवकर भीती गावातून जात नाही. आत्याबाईंना नातीचे लग्न जमवावयाचे होते. त्या काय बोलणार?

खरे सांगावयाचे तर मलाही तोच संशय होता. बायकोने आणि मी त्यांना समजावून चंद्रपूरला न्यावयाचे ठरविले तेव्हा मी मनातल्या मनात धीराची भाषणेसुद्धा तयार केली होती. ती वाया गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्या अंगावर कुठे चट्टा आहे का ते पाहिले, कोपरामागची शीर चाचपली, आणि मग एक विचित्र प्रश्न विचारला: "मावशी, रात्री फार त्रास व्हायला लागला की तुम्ही हाताचं काय करता?" आत्याबाईंनी तोंडाने उत्तर दिले नाही. उजवा हात वर केला आणि मनगटातून खाली पाच-सात वेळा झटकला. बांगड्या वाजल्या. भिंतीपलीकडून वर्षभर ऐकलेला तोच आवाज! डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हीच सांगून टाकलंत."

पुढे मला कळले की हा प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हे. कॅनडातल्या प्राइस-फिलिप्स नावाच्या एका डॉक्टराने १९८४ साली तो वैद्यकाच्या पुस्तकात आणला. दुखणे अगदी टोकाला गेले म्हणजे प्रत्यक्षात हाताचे काय करता, एवढेच त्याने रोग्यांना विचारले, आणि या विशिष्ट रोगाच्या बहुतेक रोग्यांनी आत्याबाईंसारखाच हात झटकून दाखविला. या रोगाचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. 'कार्पोस' म्हणजे ग्रीक भाषेत मनगट, टनेल म्हणजे बोगदा. मनगटातल्या बोगद्याचे दुखणे, असे आपण म्हणू. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झालेले नाही. तरी या बोगद्याची हकीगत मी वर्षभर मिळेल तिथून वाचत गेलो. एवढ्या लहान जागेतली एवढी साधी अडचण ओळखावयास जगातल्या मोठमोठ्या वैद्यांना जवळजवळ शंभर वर्षे का लागली, हे मला समजून घ्यावयाचे होते.

आधी बोगदा पाहू. आपल्या मनगटात आठ लहान हाडे आहेत. ती सपाट रचलेली नसून पन्हाळीसारखी खोलगट रचलेली आहेत, आणि त्या पन्हाळीच्या तोंडावर तळहाताच्या बाजूने एक चिवट आडवा पट्टा ताणून बसविलेला आहे. खाली हाड, वर पट्टा. मधून जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट. या वाटेने बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे दोऱ्या, जातात, आणि त्यांच्याबरोबर एक मज्जातंतू. मधल्या भागातून जातो म्हणून त्याचे नाव मीडियन. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांचे स्पर्शज्ञान त्याच्याकडे असते. करंगळीचा कारभार दुसऱ्या तंतूकडे, तो या बोगद्यात शिरत नाही. कंडरांची आवरणे सुजली, जाड झाली, की वाट तेवढीच आणि गर्दी जास्त असे होते. दोऱ्या चिवट असतात, त्यांचे काही बिघडत नाही. चेंगरतो तो मऊ तंतू. रात्री झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, त्याने बोगद्यातला दाब आणखी वाढतो, म्हणून हे दुखणे रात्रीचे.

आपल्याकडे सुश्रुताने शरीरातली जी १०७ मर्मे सांगितली आहेत त्यांत मनगटाचे मणिबंध हे एक आहे. जिथे इजा झाली असता माणूस मरत नाही पण वेदना मात्र भोगतो, अशा रुजाकर मर्मांत त्याने ते घातले, आणि तिथे इजा झाल्यास हात कुंठित होतो असे सांगितले. म्हणजे जागा महत्त्वाची आहे हे त्याने पक्के ओळखले होते. पण इजा बाहेरून होते असे त्याचे गृहीत होते. काही न लागता, काही न होता, हात आतल्या आत कुंठित होईल ही कल्पना तिथे दिसत नाही. उगाच आपल्याकडे सगळे आधीच होते असे म्हणण्यात मला रस नाही.

युरोपातली पहिली नोंद इंग्रज शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट याची, १८५० च्या दशकातली. त्याने आपल्या व्याख्यानांत लंडनच्या गायज् रुग्णालयातल्या एका माणसाची हकीगत सांगितली आहे. त्या माणसाचे मनगटापाशी हाड मोडले होते. ते जुळून आले, पण जुळताना तिथे जास्तीचे हाड वाढून बसले आणि त्याने मीडियन तंतू दाबला गेला. त्याच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना जखमा झाल्या, त्या काही केल्या भरेनात. शेवटी मनगट अशा रीतीने बांधून ठेवले की तळहाताकडचा भाग सैल पडावा. दाब गेला आणि जखमा भरल्या. त्याला हात वापरावयाची परवानगी मिळाली, जखमा परत आल्या. पुन्हा आत्याबाईंचे कढईला टेकलेले बोट आठवा. स्पर्श गेला म्हणजे बोट स्वतःला सांभाळू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पॅजेटच्या रोग्याचे हाड मोडलेले होते, त्यामुळे कारण डोळ्यांना दिसत होते. ज्यांचे काहीच मोडले नव्हते त्यांचे काय? त्यांचे बोलणे नीट ऐकून घेणारा पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या बॉस्टन शहरचा जेम्स पटनम. १८८० साली त्याने ३७ रोग्यांची हकीगत छापली. बहुतेक स्त्रिया. रात्री किंवा पहाटे हातांना मुंग्या येतात, बोटे मरतात, झोपमोड होते. मग हात खाटेखाली लोंबता सोडला, चोळला किंवा झटकला म्हणजे बरे वाटते. अगदी आत्याबाईंची भाषा! हे वाचताना माझ्या अंगावर शहारा आला. दीडशे वर्षांपूर्वी बॉस्टनमध्येही कोणाच्या तरी भिंतीपलीकडून रात्री दोन वाजता असलाच काही आवाज येत असला पाहिजे. पटनमने ऐकले नीट, पण अर्थ चुकीचा लावला. हातांच्या बारीक रक्तवाहिन्यांत काही बिघाड होत असावा, असे त्याला वाटले. तीन वर्षांनी लंडनच्या ऑर्मेरॉड नावाच्या डॉक्टराने असलेच रोगी पाहिले. धुणे, कपडे पिळणे अशा कामांशी याचा काही संबंध असावा असे त्याच्याही ध्यानात आले. १८९३ मध्ये जर्मनीतल्या शुल्ट्झ याने या प्रकाराला एक लांबलचक ग्रीक नाव दिले. त्या नावाचा अर्थ 'टोकांना येणाऱ्या मुंग्या' एवढाच होता. रोग्याने सांगितलेलेच ग्रीकमध्ये परत सांगावयाचे आणि निदान झाले म्हणावयाचे, ही वैद्यांची जुनी खोड आहे. शिक्षकांचीही आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

यानंतर जे झाले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत वाईट पान वाटते. दुखते बोटात, कधी कळ खांद्यापर्यंत चढते; तेव्हा मूळ मानेत असावे असे वैद्यांनी ठरविले. मानेखालच्या फासळीपाशी तंतू दबत असतील, या समजुतीने कित्येक स्त्रियांच्या गळ्याजवळचे स्नायू कापले गेले, फासळ्या काढल्या गेल्या. काहींना तसा रोग खरोखर असेलही. पण पुष्कळजणी गळ्यावर व्रण घेऊन घरी परतल्या आणि रात्री पुन्हा हात झटकीत बसल्या. ज्यांचे कुठेच काही सापडले नाही त्यांच्या वाट्याला बायकांच्या मनाचा कमकुवतपणा हे निदान आले.

आणि या काळात उत्तर छापून तयार होते! १९१३ साली पॅरिसमध्ये प्येर मारी आणि शार्ल फॉय या दोन डॉक्टरांनी ८० वर्षांच्या एका मृत माणसाचे हात तपासले. दोन्ही अंगठ्यांखालची मांसल गादी पार वाळून गेलेली होती. त्यांनी तंतू सोलून वरपासून खालपर्यंत पाहिला. मनगटाच्या पट्ट्याच्या अलीकडे तो गाठीसारखा फुगलेला, आणि पट्ट्याखाली बारीक, खंगलेला. दोरीने आवळलेल्या उसासारखा म्हणा ना. त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले की रोग वेळीच ओळखला आणि हा आडवा पट्टा कापला, तर हाताचे नुकसान थांबविता येईल. पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. युरोपातल्या डॉक्टरांपुढे तुटलेल्या हातांची एवढी रास पडली की न तुटलेल्या हाताकडे कोण बघतो? ते पान मिटले ते जवळजवळ तीस वर्षे.

मधल्या काळात कोणी पट्टा कापलाच नाही असे नाही. जेम्स लर्मंथ हा स्कॉटिश शस्त्रवैद्य अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये असताना त्याने तसे केले आणि १९३३ साली ते प्रसिद्धही केले. पण दुसऱ्या मोठ्या लेखात जाता जाता सांगितल्यासारखे. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष वेधले ते १९४७ साली, लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकातल्या एका लेखाने. लिहिणाऱ्या तिघांतल्या प्रमुखाचे आडनाव ब्रेन, म्हणजे मेंदू, आणि हे गृहस्थ मेंदूचेच डॉक्टर. पुढे ते 'ब्रेन' याच नावाच्या मासिकाचे संपादक झाले. कादंबरीत असे नाव ठेवले असते तर टीकाकारांनी मला फाडून खाल्ले असते. असो. ब्रेन, राइट आणि विल्किन्सन यांनी सहा रोगी दिले होते, सहाही स्त्रिया. कोणाचेच हाड मोडलेले नव्हते. मानेत काही नाही, मनात काही नाही. तंतू मनगटात दबतो आहे, आणि पट्टा कापला की रात्रीची झोप परत येते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यानंतर वाट मोकळी झाली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलेन याने १९५० पासून या विषयावर लिहून लिहून हा रोग साध्या डॉक्टरांच्या घरी पोहोचविला. १९६६ मध्ये त्याने १७ वर्षांत पाहिलेल्या ६५४ हातांचा हिशेब मांडला. त्याची परीक्षा आपणही करून पाहू शकतो, तिला यंत्र लागत नाही. नमस्काराच्या उलट करावयाचे: दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटे खाली सोडावयाची आणि मिनिटभर तसेच राहावयाचे. त्या मिनिटात अंगठ्यापासूनच्या तीन बोटांना मुंग्या आल्या तर बोगद्यात गर्दी असल्याचा संशय घ्यावा.

फेलेनचे उपकार मोठे आहेत, तरी एका मुद्द्यावर त्याच्याशी भांडावेसे वाटते. हा रोग कामामुळे होतो हे त्याला फारसे मान्य नव्हते. त्याच्या रोग्यांत बहुतेक मध्यम वयाच्या गृहिणी होत्या, कारखान्यात राबणारे थोडे. तेव्हा कामाचा दोष कसा, असा त्याचा एकंदर सूर. वाचकहो, यातली गंमत तुमच्या घरातल्या कोणत्याही बाईला विचारा! कारखान्यात केले म्हणजे काम, आणि घरात केले म्हणजे काय? आजचे वैद्यक या बाबतीत दोन्हीकडे थोडे थोडे देते. पुष्कळांत हा बोगदा जन्मतःच अरुंद असतो आणि दुखणे घराण्यात चालते. मधुमेह, थायरॉइडची मंदगती, संधिवात, गरोदरपण यांनीही आतली जागा कमी होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक दिसते. पण जोर लावून पुन्हा पुन्हा तीच हालचाल करणाऱ्या आणि थरथरणारी यंत्रे धरणाऱ्या हातांना ते जास्त होते, हेही आता नाकारले जात नाही. कापूस वेचताना बोंडातून सरकी ओढणारी बोटे कोणती ते एकदा पाहावे: अंगठा, तर्जनी आणि मधले. नेमकी तीच. आत्याबाईंनी ही तीन बोटे पन्नास हंगाम वापरली आहेत.

आता आमच्या भागातला खरा पेच. बधिर हात कोणत्या कारणाने, हे कसे ओळखावयाचे? कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये शोधला. हा जंतूही मज्जातंतूंतच घर करतो, आणि मनगटाच्या किंचित वर तोच मीडियन तंतू सुजवितो, म्हणून घोटाळ्याला जागा आहे. पण बहुधा त्याचा पहिला मारा कोपरामागच्या तंतूवर असतो, म्हणजे करंगळीच्या बाजूला. अंगावर न समजणारा चट्टा असतो. बधिरपणा मुकाट येतो. तो रात्री उठवून बसवीत नाही आणि झटकल्याने जात नाही. बोगद्याच्या दुखण्यात करंगळी शाबूत राहते, आणि तळहाताच्या मधल्या कातडीलाही समजत असते, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याच्या वरून जाते. डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या बोळ्याने हे सगळे तपासले. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. करंगळीला बोळा लागला की "हितं" म्हणत. मधल्या बोटाला लागला की गप्प. असे असले तरी हे निदान घरी बसून कोणी करू नये. दोन्हींतले काहीही असो, लवकर दाखविले तर हात वाचतो.

कुष्ठरोगातली बोटे सडून झडतात, ही समजूतही याच तंतूंनी खोटी पाडली. १९४६ साली हिंदुस्थानात परतलेल्या पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. स्पर्श गेल्यामुळे ती भाजतात, चिरतात, आणि न कळलेल्या जखमांनी जातात. पॅजेटच्या माणसाचीच गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य घातले. ज्या हातांना हात लावावयास नातलग तयार नव्हते ते हात एका नामांकित शस्त्रवैद्याने तासन्‌तास हातात धरले, ही गोष्ट मी आत्याबाईंना चंद्रपूरहून परतताना बसमध्ये सांगितली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मला तो रोग न्हाई, असंच म्हणाल्या ना बाई?" त्यांनी चौथ्यांदा विचारले. मी चौथ्यांदा होय म्हणालो.

नागपूरला विजेची परीक्षा झाली. तंतूला विजेचा बारीक झटका देऊन संदेश किती वेळात पोहोचतो ते मोजतात. मनगटात तो रेंगाळतो हे एडिंबरोच्या सिम्पसनने १९५६ साली दाखविले, तेव्हापासूनची ही रीत. आत्याबाईंचा संदेश दोन्ही हातांत रेंगाळत होता, उजव्यात फारच. रोग नवा असता तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, फार तर बोगद्यात स्टेरॉइडची एक सुई, एवढ्यावर भागले असते. गरोदर बायकांचे तर बहुधा बाळंतपणानंतर आपोआप निघून जाते. पण यांच्या उजव्या अंगठ्याखालची गादी खपाटीला गेली होती. ती दिसू लागली म्हणजे पट्टीचे दिवस संपले.

शस्त्रक्रियेला आम्ही घाबरत होतो तेवढी ती मोठी निघाली नाही. हात तेवढा बधिर करतात, तळहाताच्या बुडाशी चीर, पट्टा कापला, टाके घातले. अर्ध्या तासाच्या आत त्या बाहेर आल्या. आता दुर्बिणीच्या नळीनेही करतात, १९८० नंतरच्या दशकात ती तऱ्हा निघाली, पण उघडून केलेलीही तितकीच चांगली, असे डॉक्टरीणबाईंचे मत. पहिल्याच रात्री मुंग्या आल्या नाहीत. बांगड्या उतरवून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे भिंतीपलीकडे तशीही शांतता होती. मी मात्र दोन वाजता सवयीने जागा झालो.

बोटांना समज यावयास दोन-तीन महिने लागले, तीही पुरती आली नाही. वाळलेली गादी भरून आलेली नाही, आणि सुईत दोरा ओवावयास अजून नात लागते. यंदा पहिल्या वेचणीला त्या शेतात गेल्या आणि संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन मधले बोट माझ्या बायकोपुढे धरले. बोंडाच्या सुकल्या पाकळीची टोके लागून त्याला बारीक ओरखडे उठले होते. "टोचतंय बघ सूनबाई," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ ते बोट इकडून तिकडून पाहत राहिल्या.

चकल्यांचा सोऱ्या या वर्षी मी फिरवितो आहे. आत्याबाई पाट्यावर बसून चुका काढतात. डाव्या हाताची शस्त्रक्रिया बाकी आहे. ती कापूस घरात आल्यावर आणि नातीचे लग्न झाल्यावर, असे त्यांनी डॉक्टरीणबाईंना परस्पर सांगून टाकले आहे.